ओझे कोणी वाहिले?

१८९९ साली अमेरिका फिलिपाइन्स बेटांचा घास घेत असताना रुडयार्ड किपलिंगने गोऱ्या माणसाच्या शिरावरील ओझ्याची कविता लिहिली आणि साम्राज्यवादाला एक सुटसुटीत बोधवाक्य मिळाले. मागासलेल्या जगाला सुधारण्याचे कष्टाचे कर्तव्य गोऱ्या जातीवर येऊन पडले आहे, असा त्या ओझ्याचा अर्थ. या कल्पनेवर तात्त्विक टीका पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु एखाद्या हमालाने विचारावा तसा अगदी साधा प्रश्न या रूपकाला क्वचितच विचारला गेला. प्रत्यक्षातले ओझे कोणाच्या डोक्यावर होते? तंबू, बंदुका, औषधांच्या पेट्या, कापडाचे तागे, मण्यांची पोती, बायबलच्या प्रती, आणि साहेब आजारी पडला की खुद्द साहेब, हे सारे कोणी वाहून नेले?

हा प्रश्न थट्टेचा नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश मिशनऱ्यांचे लेखन, प्रवासवर्णने आणि मुलांसाठी लिहिलेली पुस्तके यांचा जो प्रचंड ढीग आज ग्रंथालयांतून पडून आहे, त्याच्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एका रीतीने हे सारे वाङ्मय म्हणजे मानवतेच्या सेवेची गाथा. दुसऱ्या रीतीने ते सारे म्हणजे साम्राज्याचा प्रचार, म्हणून न वाचताच बाजूला सारण्याच्या लायकीचे. दोन्ही रीतींत एक सोय आहे. पुस्तक उघडण्याचे श्रम वाचतात. वस्तुतः हे वाङ्मय हिशेबनीसाच्या नजरेने वाचले पाहिजे. मजुरी कोणी दिली, किती दिली, माल कोठून कोठे गेला, भांडवल कोणाचे, आणि या साऱ्या उलाढालीतले कोणते खाते पुस्तकाच्या पानावर उतरलेच नाही, हे तपासले की ही पुस्तके फार निराळे बोलू लागतात.

आरंभ एका छोट्याशा पुस्तकापासून करता येईल. मेरी मार्था शेरवुड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचे 'लिटल हेन्री अँड हिज बेअरर' हे पुस्तक १८१४ साली निघाले. भारतात वाढणारा, आईबाप वारलेला एक लहानगा इंग्रज मुलगा आपल्या 'बेअरर'ला, म्हणजे त्याला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या हिंदू नोकराला, ख्रिस्ताचा मार्ग दाखवतो आणि मरून जातो, एवढीच ही कथा. ती पुढे जवळजवळ शतकभर पुन्हा पुन्हा छापली गेली आणि अनेक भाषांत गेली. 'बेअरर' या अँग्लो-इंडियन शब्दाचा मूळ अर्थ वाहणारा, पालखीचा भोई. शब्दानेच सगळे सांगून टाकले आहे. वाहणारा प्रौढ आहे, घर चालवतो आहे, पोर सांभाळतो आहे, तथापि ज्ञान मात्र पोराकडून नोकराकडे वाहते. त्या नोकराला पगार किती होता, त्याची स्वतःची मुले कोठे होती, हे प्रश्न कथेत उद्भवतच नाहीत. पुढील शंभर वर्षांच्या वाङ्मयाचा साचा येथे तयार झालेला दिसतो.

मुलांचा उपयोग केवळ वाचक म्हणून झाला नाही. लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स हा मिशनरी १८३९ साली दक्षिण पॅसिफिकमधील एरोमांगो बेटावर मारला गेला. त्याचे दक्षिण सागरातील कार्याचे पुस्तक १८३७ साली निघून लोकप्रिय झालेले होतेच. आता त्याच्या नावाचे जहाज बांधायचे ठरले आणि त्यासाठी रविवारच्या शाळांतील मुलांकडे हात पसरण्यात आला. पेनी पेनी करून सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मुलांनी जमवली आणि १८४४ साली 'जॉन विल्यम्स' हे जहाज पाण्यात उतरले. १८६४ साली ते फुटले, तेव्हा मुलांनी दुसऱ्यासाठी पैसे जमवले. तेही १८६७ साली फुटले, म्हणून तिसरे आले. त्याच वर्षी, १८४४ साली, या सोसायटीने मुलांसाठी स्वतंत्र मासिकही सुरू केले, आणि जहाज कोठे पोहोचले याची वार्ता आपल्या पेनीचे काय झाले या उत्सुकतेने मुले वाचू लागली. वर्गणीदार आणि वाचक एकच, ही युक्ती कोणत्याही पक्षाच्या मुखपत्राला हेवा वाटावा अशी होती!

परंतु विल्यम्स का मारला गेला, याचा उलगडा त्या मुलांना काय सांगितला गेला? रानटी नरभक्षकांचे क्रौर्य. आता हिशेबाची वही उघडून पाहावी. एरोमांगोवर चंदन आहे ही गोष्ट १८२५ साली पीटर डिलन या व्यापाऱ्याच्या ध्यानात आली. चीनमध्ये चंदनाला मागणी होती, आणि ब्रिटिशांना चीनकडून चहा हवा होता. त्या चहाची किंमत चुकती करण्यासाठी पॅसिफिकच्या बेटांवरची चंदनाची झाडे तोडली जाऊ लागली. त्या पायी बेटकऱ्यांशी रक्तपात झाले आणि परक्यांच्या जहाजांनी रोगराईही आणली. त्यानंतर किनाऱ्यावर जो गोरा उतरला तो विल्यम्स होता. तो चंदनवाला नाही हे बेटकऱ्यांनी कशावरून ओळखावे? इंग्लंडातील जे पोर सकाळी चहा पिऊन पेनी पेटीत टाकत होते, त्याच्या चहाच्या पेल्याचा आणि विल्यम्सच्या मृत्यूचा असा संबंध होता. तो कोणत्याही बालमासिकाने दाखवला नाही. २००९ साली विल्यम्सचे वंशज एरोमांगोला गेले आणि तेथील लोकांसमवेत समेटाचा विधी झाला. त्या घटनेला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर या अर्धवट सांगितलेल्या कथेत आहे.

१८५७ हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे दक्षिण आफ्रिकेतील मिशनरी प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि रॉबर्ट मायकेल बॅलंटाइनची 'द कोरल आयलंड' ही मुलांची कादंबरीही बाजारात आली. बॅलंटाइनने पॅसिफिक महासागर पाहिलेला नव्हता. त्याने मिशनऱ्यांची व प्रवाशांची पुस्तके समोर ठेवून आपले बेट रचले. त्यात नारळ झाडावर लागतो तो इंग्लंडच्या दुकानात मिळतो तसा, सोललेला! कोकणातले पाच वर्षांचे पोरही या कारागिरीला हसले असते. बॅलंटाइनला चूक समजल्यावर शरम वाटली आणि पुढे शक्य तेथे स्वतः पाहून लिहायचे असा त्याने निश्चय केला, हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारे आहे. परंतु नारळाच्या बाबतीत जी चूक कळून आली ती माणसांच्या बाबतीत कळून आली नाही. नारळ जसा सोडण वगळून दुकानात येतो, तशी तेथील माणसेही त्यांचे श्रम, शेती, देवघेव हे सारे वगळून पुस्तकात आली होती. उरला होता तो मिशनऱ्याने पारखलेला गर: एक तर नरभक्षक, नाही तर धर्मांतरित.

लिव्हिंग्स्टनचे पुस्तक याहून फार वरच्या दर्जाचे आहे, आणि म्हणूनच अधिक काळजीने वाचण्याजोगे आहे. हा माणूस स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावचा. १८१३ चा जन्म. दहाव्या वर्षी तो कापसाच्या गिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामावर लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिनचे व्याकरण विकत घेतले आणि चात्यांच्या यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता तो एकेक वाक्य वाचत असे. हा वृत्तान्त त्याने स्वतःच पुस्तकाच्या आरंभी दिला आहे. गिरणगाव ठाऊक असलेल्या कोणाही मराठी वाचकाला हा मुलगा आपला वाटेल. असा मुलगा पुढे लिहू लागला तेव्हा त्याने श्रमाचा हिशेब कसा मांडला, हा म्हणूनच कुतूहलाचा विषय ठरतो.

त्याने आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडले, ही त्या पुस्तकाची मुख्य कीर्ती. पुस्तकाची किंमत एक गिनी, म्हणजे सामान्य मजुराच्या आठवड्याच्या मजुरीच्या घरातली. तरी सत्तर हजारांच्या आसपास प्रती खपल्या. खंड एकट्याने ओलांडले अशी समजूत झाली. परंतु पुस्तकातच वाचावे, तर लिन्यांती येथील कोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू याने पश्चिम किनाऱ्याच्या प्रवासासाठी त्याला सत्तावीस माणसे दिली, आणि पुढे पूर्व किनाऱ्याच्या प्रवासासाठी शंभरावर माणसे दिली. बैल दिले, खाण्याची व्यवस्था केली, विकण्यासाठी हस्तिदंतही दिले. सेकेलेटूला किनाऱ्याच्या बाजारापर्यंत स्वतःचा व्यापारमार्ग हवा होता. लिव्हिंग्स्टनला वाट, भाषा, वाटाडे आणि मजूर हवे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा कोलोलो राज्याने भांडवल घातलेला एक व्यापारी तांडा होता आणि लिव्हिंग्स्टन त्यातील भागीदार होता. लंडनमध्ये मात्र भागीदाराचे नाव मुखपृष्ठावर आले आणि मालकाचे आतल्या पानात. लिव्हिंग्स्टन १८५६ साली मायदेशी गेला तेव्हा ती माणसे झांबेझी नदीवरील टेटे येथे त्याची वाट पाहत राहिली. तो १८५८ साली परतला तोवर त्यांतील कित्येक देवीच्या साथीने मेले होते. त्या काळात इंग्लंडात त्याचे सत्कार चालू होते.

येथे ओझ्याच्या अर्थशास्त्राकडे थोडे वळणे भाग आहे. त्से-त्से माशीमुळे पूर्व व मध्य आफ्रिकेच्या मोठ्या भागात बैल-घोडे टिकत नसत. त्यामुळे व्यापार, युद्ध, धर्मप्रसार आणि भूगोलाचे शोध ही सारी कामे माणसाच्या डोक्यावरून व खांद्यावरून होत. एका हमालाचे ओझे साठ-सत्तर पौंडांचे. आजच्या टांझानियातील न्याम्वेझी लोक या कामात पिढीजात तरबेज होते. त्यांचे मुकादम, मुक्काम, मजुरीचे दर, शिध्याचे नियम ठरलेले होते. मजुरी कापडात व मण्यांत मिळे. ती कमी पडली, शिधा कापला गेला, वाट ठरल्याहून लांबली, फटके बसले, तर ते ओझी खाली ठेवून निघून जात. मुंबईच्या गोदीत घडले असते तर या प्रकाराला संप म्हटले गेले असते. प्रवासवर्णनांत त्याला एकच शब्द आहे, पळून जाणे. पळपुटा, आळशी, कृतघ्न हमाल हे या वाङ्मयातील सर्वांत नेमाने भेटणारे पात्र आहे. कोणतेही प्रवासवर्णन घ्यावे, हमाल पळाले असे जेथे जेथे लिहिले आहे त्याच्या आधीची दोन पाने बारकाईने पाहावीत. शिधा संपल्याचा, चाबूक उगारल्याचा, नाही तर ठरलेली हद्द ओलांडल्याचा उल्लेख पुष्कळदा तेथेच सापडतो. लेखकाने तो लपवलेला नसतो. कारण आणि परिणाम यांची सांगड मात्र घातलेली नसते.

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला संबंध ओढून-ताणून आणलेला नाही. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवली जात, आणि त्यांतील अनेकांना नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूर येथे ठेवून इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. नाशिकचा शरणपूर रस्ता सर्वांना माहीत आहे. त्या नावामागची ही आफ्रिकी मुले किती जणांना माहीत असतील? १८६४ साली लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. त्याच्याबरोबरचा चुमा हा मुलगा डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला, तर सुसी हा गडी मुंबईच्या गोदीत कामाला लागला. पुढल्या वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा आला, बोट विकली आणि पैसे मुंबईच्या एका बँकेत ठेवले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला आलेला भाव ओसरून मुंबईचा शेअर बाजार तेव्हा कोसळत होता. बँक बुडाली, पैसेही बुडाले. जानेवारी १८६६ मध्ये तो आफ्रिकेकडे निघाला तेव्हा त्याच्यासोबत शरणपूरची नऊ मुले होती आणि मुंबई इलाख्याच्या मरीन पलटणीचे काही शिपाई होते. (योगायोग असा की ओझ्याच्या कवितेचा कर्ता किपलिंग नेमका त्याच दिवसांत, ३० डिसेंबर १८६५ रोजी, मुंबईतच जन्मला.)

या नाशिकच्या मुलांविषयी लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत चांगले शब्द फारसे नाहीत. आळशी, कामचुकार अशी संभावना आहे. गिरणीत धागे जोडणाऱ्या पोराने आपल्या मुकादमाची भाषा अशी उचललेली पाहून वाईट वाटते. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी तो वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचे हृदय एका म्पुंडू झाडाखाली पुरले, देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, सालीत व शिडाच्या कापडात गुंडाळला आणि सुमारे हजार मैल चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या ब्रिटिश अधिकाऱ्याने प्रेत तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. चुमा व सुसी हे या तांड्याचे पुढारी होते. हलिमा ही स्वयंपाकीण आणि इतर काही स्त्रियाही तांड्यात होत्या. मूळच्या याओ जमातीचा, शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट हा त्यांच्यातला लेखनिक. झाडावर इंग्रजी अक्षरे त्याने कोरली. किनाऱ्यावर पोहोचताच बहुतेकांना मजुरी देऊन निरोप देण्यात आला. साहेबाचा देह जहाजावर चढला आणि ज्यांनी तो आणला ते वाळूवर उभे राहिले. वेनराइटला मात्र चर्च मिशनरी सोसायटीने इंग्लंडला नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीभोवती चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने पुढे त्या साऱ्यांसाठी पदके पाडली. तोवर ते पांगले होते आणि पुष्कळांच्या हाती ती पडलीच नाहीत.

चुमा आणि सुसी अंत्यविधीनंतर इंग्लंडात पोहोचले. ते कशासाठी, तर होरेस वॉलर हा पाद्री लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशांचे संपादन करीत होता, आणि तुटक नोंदींचा अर्थ लावायला प्रत्यक्ष साक्षीदारांवाचून गत्यंतर नव्हते. हा ग्रंथ १८७४ च्या अखेरीस बाहेर पडला. त्यातील अखेरच्या प्रवासाचा सर्व वृत्तान्त या दोघांच्या तोंडचा. वॉलरने संताच्या मूर्तीला शोभणार नाही असे पुष्कळ काही गाळले. १८७१ साली न्यांग्वे येथे झालेल्या कत्तलीच्या वेळी लिव्हिंग्स्टनकडे कागद संपले होते. त्याने जुन्या वर्तमानपत्रावर फळांच्या रसाच्या शाईने नोंदी केल्या होत्या. त्या पुसट झालेल्या नोंदी २०११ साली नव्या प्रकाशचित्रण-तंत्राने वाचता आल्या, तेव्हा मूळ मजकूर आणि छापील मजकूर यांतील तफावत उघड झाली. लिव्हिंग्स्टनच्या स्वतःच्या पदरच्या माणसांच्या वर्तनाविषयी मूळ नोंदी बऱ्याच अस्वस्थ करणाऱ्या आहेत.

ही पदरची माणसे कोण होती, हे सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. ती झांझिबारच्या भारतीय व्यापाऱ्यांच्या मालकीचे गुलाम होती. झांझिबारच्या सुलतानाची जकात अनेक दशके कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होती. आतल्या मुलखात हस्तिदंतासाठी जाणाऱ्या अरब व स्वाहिली तांड्यांना उधारी भारतीय पेढ्यांची मिळे. हस्तिदंत मुंबईमार्गे लंडनला जाई आणि त्याची बिलियर्डची गोटी, पियानोची पट्टी, नक्षीची फणी होई. काही भाग भारतातच राहून नववधूंचे चुडे होत. म्हणजे या व्यवहारात गुन्हेगार केवळ गोरा आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. आपलेही एक खाते त्या वहीत आहे, आणि तेही न वाचलेले.

मुलांच्या पुस्तकांनी या गुंतागुंतीचे काय केले? १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात कामगारांची मुले मोठ्या संख्येने वाचू लागली. रविवारच्या शाळांना बक्षिसांसाठी स्वस्त, सुबक, सदाचारी पुस्तके हवी होती. रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने १८७९ साली 'बॉइज ओन पेपर' हे एका पेनीचे साप्ताहिक काढले. त्यात धर्मोपदेश कमी आणि साहस पुष्कळ. बॅलंटाइनने १८७३ साली 'ब्लॅक आयव्हरी' लिहून पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार मुलांपुढे ठेवला. कळकळ खरी होती, यात शंका नाही. परंतु त्या चित्रात दुष्ट फक्त अरब आहे. ज्या मागणीसाठी हस्तिदंत निघते आणि ज्या उधारीवर तांडा निघतो, ती चित्राच्या चौकटीबाहेर. स्टॅन्लेने त्याच वर्षी 'माय कलुलू' ही मुलांची कादंबरी लिहिली. खरा कलुलू हा त्याला आफ्रिकेत भेट म्हणून मिळालेला पोऱ्या. लिव्हिंग्स्टनच्या अंत्ययात्रेला तो लंडनमध्ये हजर होता. कादंबरीत तो राजपुत्र झाला. प्रत्यक्षात १८७७ साली स्टॅन्लेच्या पुढल्या मोहिमेत काँगो नदीच्या धबधब्यात तो बुडून मेला. स्टॅन्लेने त्या धबधब्याला त्याचे नाव दिले. मजुरीच्या ऐवजी नाव देण्याची ही रीत या वाङ्मयात सर्रास आढळते.

तथापि हे वाङ्मय नुसते फसवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या छापखान्यांनी पाखंड्यांच्या उद्धाराच्या कथा छापल्या, त्यांच्याच परिसरात १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' लिहिले गेले आणि हिंदू विधवेचे दुःख मराठी कादंबरीचा पहिला विषय झाले. मलावीतील ब्लँटायर मिशनमध्ये पाद्री मंडळी लोकांना फटके मारतात, एकाला तर ठार मारले, ही गोष्ट १८८० साली अँड्र्यू चर्नसाइड या प्रवाशानेच पत्रक काढून चव्हाट्यावर आणली. आणि काँगोचे प्रकरण तर डोळे उघडणारे आहे. एडमंड मोरेल हा जहाज कंपनीतला कारकून. बेल्जियमच्या राजाच्या काँगोतून येणाऱ्या बोटी रबर व हस्तिदंताने भरलेल्या असतात, आणि परत जाताना मुख्यतः बंदुका व दारूगोळा नेतात, हे त्याने वह्यांवरून ताडले. मालाच्या बदल्यात माल जात नाही, अर्थात मजुरी दिलीच जात नाही, अर्थात हे वेठीचे श्रम आहेत. एवढे साधे गणित. त्या गणिताला पुरावा मिशनऱ्यांनी पुरवला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईने १९०४ साली एका बापाचे छायाचित्र घेतले. त्याच्या पुढ्यात त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात व पाय पडलेला आहे. हे छायाचित्र इंग्लंडातील सभागृहांतून पडद्यावर दाखवले गेले आणि लोक हादरले. ज्या मिशनरी सभांतून एकेकाळी जहाजासाठी पेन्या जमल्या, तशाच सभांतून आता राजाविरुद्ध पुरावा मांडला जात होता. मार्ग तोच, पण आता हिशेबाचे पान उघडे होते.

लिव्हिंग्स्टनच्या पुस्तकातील मुख्य आर्थिक सूत्र असे होते की व्यापार आणि ख्रिस्ती धर्म हातात हात घालून आफ्रिकेत गेले तर गुलामगिरी आपोआप नष्ट होईल. शिरे नदीच्या पठारावर स्वतंत्र आफ्रिकी शेतकरी कापूस पिकवतील, तो मँचेस्टरला जाईल, आणि अमेरिकेतील गुलामांच्या कापसाची गरज उरणार नाही. त्याने हे मनापासून लिहिले होते. त्या पठारावरील मागोमेरो येथे १८६१ साली त्याच्याच पुढाकाराने पहिले मिशन बसले आणि लवकरच उठले. पुढे तीच जमीन, दीड लाख एकरांहून अधिक, ॲलेक्झांडर लो ब्रूस या गृहस्थाच्या हाती आली. ब्रूस हा लिव्हिंग्स्टनचा जावई. त्याच्या पश्चात ती लिव्हिंग्स्टनच्या नातवांकडे गेली. मळ्याचा व्यवस्थापक विल्यम जर्व्हिस लिव्हिंग्स्टन, त्याच आडनावाचा. मळ्यावर कापूस पिकू लागला. पिकवणारे मात्र स्वतंत्र शेतकरी नव्हते. मळ्यावर झोपडी बांधून राहणाऱ्याने भाड्यापोटी मळेवाल्याच्या शेतात राबले पाहिजे, अशी 'थंगाटा' नावाची पद्धत तेथे होती. थंगाटा या शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांच्या शेतात मदतीला जाणे, आपल्याकडील सावडीसारखा, इर्जिकीसारखा. मळेवाल्यांनी सावडीचे नाव ठेवले आणि वेठ घेतली. लोकांनी उभारलेल्या प्रार्थनामंदिरांना व्यवस्थापकाने आगी लावल्या. २३ जानेवारी १९१५ रोजी जॉन चिलेंब्वे या आफ्रिकी पाद्र्याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. व्यवस्थापक मारला गेला. ३ फेब्रुवारीला चिलेंब्वेही गोळीला बळी पडला. आज मलावी देश चिलेंब्वे दिन पाळतो, आणि २०२२ साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्याचा पुतळा काही काळासाठी उभा राहिला.

चिलेंब्वे मिशनऱ्यांच्याच हाताखाली वाढला होता. एका मिशनऱ्याबरोबर अमेरिकेला जाऊन तो तेथे शिकला होता, आणि मिशनऱ्यांच्याच वाङ्मयाचा तो वाचक होता. उठावाच्या दोन महिने आधी, नोव्हेंबर १९१४ मध्ये, त्याने 'न्यासालँड टाइम्स'ला पत्र लिहिले. महायुद्ध सुरू झाले होते आणि आफ्रिकी माणसे पुन्हा ओझी वाहायला व मरायला पकडून नेली जात होती. मलावीत या लष्करी हमालांना 'तेंगा-तेंगा' म्हणत. पूर्व आफ्रिकेच्या युद्धात त्यांची संख्या लाखांनी मोजण्याजोगी झाली. पत्रातला युक्तिवाद थोडक्यात असा: शांततेच्या काळात सारे काही युरोपियनांचे असते, युद्ध आले की मात्र आम्हाला बरोबरीने मरायला बोलावले जाते, ज्यांचे या युद्धात काही जायचे आहे त्या सावकार-व्यापाऱ्यांनी, जमीनदारांनी ते लढावे. सरकारने तो अंक दाबून टाकला.

जेकब वेनराइटच्या वहीचे नशीब थोडे बरे म्हणायचे. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या प्रसंगाविषयी प्रत्यक्ष हजर असलेल्याने स्वहस्ते लिहिलेली ही नोंद १८७४ साली जर्मन भाषांतरात एका भूगोलविषयक नियतकालिकात छापली गेली. इंग्लंडात तिला तेव्हा प्रकाशक मिळाला नाही. वेनराइट आफ्रिकेत परतला, मिशनच्या निरनिराळ्या ठाण्यांवर पडेल ते काम करीत राहिला आणि १८९२ साली वारला. शरणपुरात गिरवलेल्या अक्षरांतील त्याची मूळ इंग्रजी वही २०१९ साली छायाचित्रांसह सर्वांना वाचायला खुली झाली. मराठीत ती अजून कोणी आणलेली नाही.